ठण की ठप?

अरे थांब, जाऊ नकोस, आधी हे ऐक! काय भारी झालंय माहितीये? आत्ता नाही रे, खूप खूप वर्षांपूर्वी, एका राज्यात. पण ऐकशील ना, तर वाटेल आत्ताच घडलंय!

तर, एका डोंगरावर बांबूचं बन होतं. खाली टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती. वस्तीची प्रमुख होती एक काकी. तिचा एकच नियम. तोडायच्या आधी बांबूवर टिचकी मारायची. 'ठण' वाजला तर पिकलेला, तोडा. 'ठप' वाजला तर कोवळा, हात लावायचा नाही!

एकदा प्रधान आले. "महाराजांच्या कोठारासाठी हजार टोपल्या हव्यात, महिन्याभरात!"

अख्खी वस्ती नाचायला लागली! वर्षभराची चूल पेटणार होती ना.

काकी बनात गेली, टिचक्या मारून परत आली. "प्रधानजी, चारशेच होतील."

"अहो, एवढं बन उभंय की!"

"उभंय, पण ठप म्हणतंय."

पलीकडच्या डोंगरावर काकीचा दीर हेच काम करायचा. तोही तिथं आलेला, खो खो हसला. "वहिनी, बांबूला विचारून धंदा करतात होय? प्रधानजी, हजारच्या हजार मी देतो!"

काम गेलं. वस्ती भडकली. "काकी, एका टिचकीपायी आमच्या पोटावर पाय दिलास!"

वर्षभर सगळ्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. तिनंही.

आणि मग सुगी आली! महाराजांनी हौसेनं दिराची पहिली टोपली उचलली आणि भस्सकन बूडच खाली! सगळी ज्वारी पायावर! कोवळा बांबू भुंग्यानं आतून खाल्लेला, नुसता पिवळा भुगा. दुसरी उचलली, तीच गत. दिराला म्हणाले, नव्या दे. देणार कुठून? त्याचा डोंगर बोडका!

प्रधान धावत काकीकडे. तिनं परत टिचक्या मारल्या. ठण! ठण! ठण! "यंदा सातशे देते."

"सातशे तर सातशे! आणि यापुढे कोठाराचं काम कायमचं तुमच्याच वस्तीला."

वस्तीनं काकीला खांद्यावरच घेतलं! तेवढ्यात दीर आला, मान खाली घालून. "वहिनी, मलाही कामाला घ्या ना."

"वाका जरा, भाऊजी," काकी म्हणाली. "आधी टिचकी मारून बघते, पिकलात का ते!"

तर बोध काय? उद्याचं बन आजच तोडून जो धंदा करतो, त्याच्या टोपलीला बूड राहत नाही.

आता खरं सांग. दारात प्रधान, मागे भुकेली वस्ती. तू काय म्हणाला असतास, हजार की चारशे?