बिनडागाचा पंख

“हा तोच पंख आहे की नाही, भन्तेजी? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. एवढंच.”

सुगत वाघमारेनं पिशवीतून डबी काढली आणि डबीतून एक पट्टी. बोटभर लांब, पातळ, आणि अशी निळी की माझी नजर हटेना.

मी विहारात भन्तेजींचं जेवण घेऊन गेले होते. बारानंतर ते अन्नाला शिवत नाहीत, आणि साडेअकरा तर होऊनच गेले होते. भाकरी निवत चाललेली. मला त्या सुगतचा रागच आला.

“तोच म्हणजे कोणता?” भन्तेजींनी विचारलं.

“उत्पलाचा.”

माझा राग कुठल्या कुठे गेला.

उत्पला त्याची मुलगी. नऊ वर्षांची. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. तिला एकदा अंगणात एक फुलपाखरू मरून पडलेलं सापडलं होतं. मिटलेलं असलं की वाळकं पान, उघडलं की निळं. त्याचा पंख तिनं वहीत चिकटवून ठेवला होता.

सुगत शहरात मोठा शास्त्रज्ञ. लहानपणी याच विहारात भन्तेजींसमोर पाठांतराला बसायचा. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला तेव्हापासून ठाऊक.

“यात निळा रंग कणभरही नाही,” तो सांगायला लागला. “त्या पंखातही नव्हता. नुसत्या बारीक खाचा असतात. प्रकाश पडला की त्यातला निळा तेवढा परत येतो. मी त्या खाचांवर काचेचा थर चढवला, केसापेक्षा कितीतरी पातळ. मग पंख भट्टीत घातला. पंख जळून जातो, काचेची घडण तशीच उरते. त्या साच्यावरून ही पट्टी उतरवली.”

“पंख जळाला.”

“जाळावाच लागतो, भन्तेजी. त्याशिवाय साचा मोकळा होत नाही. आणि वहीत ठेवून तरी किती टिकला असता? कसर लागली असती, झडला असता. हे आपल्या सगळ्यांच्या मागेही राहील.”

“मग मला कशाला विचारतोस?”

सुगतनं दाराबाहेर पाहिलं. बोधिवृक्षाखाली त्याची बायको क्षेमा बसली होती. मांडीवर वही. मी येताना तिला जयभीम केला, तर तिनं नुसती मान हलवली होती.

“तिनं वही उघडली आणि पान रिकामं दिसलं. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. अडीच महिने झाले... तुमचं ती ऐकेल. तोच पंख आहे एवढं तिला सांगा. तेवढंच मागायला आलोय.”

भन्तेजींनी हात पुढे केला. सुगतनं दोन्ही हातांनी पट्टी दिली.

भन्तेजींनी तिच्यावर अंगठा ठेवला. दाबला. मग जोरानं घासला. मला वाटलं, गेलं आता सगळं! पण निळं जिथल्या तिथं.

सुगतच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. “पाहिलंत? कितीही घासा. जायचं नाही ते.”

भन्तेजी आपला अंगठाच न्याहाळत बसले. अंगठा कोरडा होता.

“पोरीच्या अंगठ्याला लागलं होतं?”

“काय?”

“त्या पंखाचं काही.”

“हो... भुकटी लागली होती. चमचम करणारी. ती तिनं आईच्या कपाळाला लावली. दिवसभर पुसू दिली नाही. पंखावर तेवढी जागा उघडी पडली होती. तिच्या अंगठ्याएवढी.”

“ती जागा यात कुठाय?”

सुगतनं पट्टीकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकसारखं निळं.

“ती... घेतली नाही.”

“म्हणजे?”

“तिथले खवले, म्हणजे ती भुकटीच, गेले होते ना. तेवढा नमुना खराब होता. डागाळलेला भाग आम्ही आधी कापूनच टाकतो, भन्तेजी. हाताला सवयच आहे तशी. त्याशिवाय घडण स्वच्छ येत...”



“कापलेला तुकडा?”

“कचऱ्यात गेला.”

दारात सावली पडली. क्षेमा उभी होती, वही छातीशी धरून. केव्हा उठून आली कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. मला तर बघवेना. मी पदर तोंडाला लावला.

सुगतनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

“भन्तेजी,” तो म्हणाला, अगदी पाठ विसरलेल्या पोरासारखा. “आता तरी सांगा. तोच आहे ना?”

...

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. भन्तेजींनी न उघडलेला डबा माझ्याकडे सरकवला. मग ती पट्टी सुगतच्या ओंजळीत ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

“फुलपाखरू हुबेहूब आलंय, सुगत.”