नंदिलेला सांगायचे राहून गेले

पूर्वी वेणातट नगरात सुदंत राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव वेणुक. ते आणि त्यांची पत्नी नंदिला बांबूची सुपे-टोपल्या विणीत आणि नदीपलीकडच्या गावांत जाऊन विकीत.

वाट माळावरून जाई. नगरातली मेलेली गुरे तिथे टाकली जात, म्हणून कुत्र्यांची टोळी तिथेच राही. वेणुकांचा जन्म वाटा तुडवण्यात गेला होता. कुत्री अंगावर आली की ते जागीच उभे राहत, नजर खाली ठेवीत, टोपली पुढे धरीत आणि एकेक पाऊल मागे सरत. नंदिला त्यांच्या पाठीशी असे. तिला कधी भीती वाटली नाही.

एका मार्गशीर्षात वेणुकांना ताप भरला.

"आज मी एकटीच जाते," नंदिला म्हणाली. "सुगी आली आहे, लोक सुपांची वाट पाहत असतील."

"जा. ऊन चढायच्या आत परत ये," एवढेच ते बोलले.

दुपारी नगररक्षक उग्रक दारात येऊन उभा राहिला. घडले ते त्याने सांगितले. माळावर करवंदीच्या जाळीत एक कुत्री व्याली होती. नंदिला जवळून जाताच ती गुरगुरली. नंदिलेने डोक्यावरच्या टोपल्या फेकल्या आणि किंचाळत पळत सुटली. पळणाऱ्यामागे सगळी टोळी लागली. गुराखी काठ्या घेऊन धावले, पण तोवर उशीर झाला होता.

वेणुक तापातच गेले आणि तिला उचलून घरी घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी उग्रक भालेकरी घेऊन आला. "माळावरचं एकही कुत्रं ठेवायचं नाही, अशी राजाज्ञा आहे. वेणुका, पहिला घाव तुझा."

वेणुकांनी भाला घेतला आणि ते त्यांच्याबरोबर माळावर गेले. ती व्यालेली कुत्री जाळीपुढे दात विचकून उभी होती. तिच्या बरगड्या दिसत होत्या. मागे पिले कुंईकुंई करीत होती. वेणुकांच्या मनात घाव घालायचे होते. पुढे त्यांनी ते कधी लपवले नाही. भाला उचललेला हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी भाला जमिनीवर ठेवला.

"हिनं आपल्या पिलांना राखलं," ते म्हणाले. "मी माझ्या माणसाला राखलं नाही."

"तू तर तापानं पडला होतास."

"दोन शब्द बोलण्याइतका शुद्धीत होतो. ‘थांब, पळू नकोस,’ एवढंच तिला सांगायचं होतं."

उग्रकाने मान खाली घातली आणि भालेकऱ्यांना माघारी नेले. वेणुकांनी राजाला विनवले, तेव्हा आज्ञा मागे घेतली गेली, मेलेली गुरे दूर खड्ड्यात पुरली जाऊ लागली, आणि पिले मोठी होईपर्यंत वाट नदीकाठाने वळवली गेली. खायला मिळेनासे झाले तशी टोळी हळूहळू पांगली.

त्यानंतर वेणुक रोज सकाळी वेशीपाशी विणीत बसत आणि बाहेर निघणाऱ्या प्रत्येकाला सांगत: कुत्रं भुंकत आलं तर पळू नका. त्याच्या डोळ्यांत पाहू नका, दगड उचलू नका. हातात असेल ते मध्ये धरा आणि सावकाश मागे सरा. पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, मान आणि कान हातांनी झाका. पिलं असतील तिथून लांबून जा.

काही ऐकत, काही हसत. एकदा एका तेलिणीने विचारले, "दादा, तुमच्या घरधनिणीला हे ठाऊक नव्हतं का हो?"

"नव्हतं, बाई," वेणुक म्हणाले. "ती माझ्यामागून चालायची. मला वाटलं, तेवढं पुरे आहे."

तेलीण निघून गेली. त्या दिवशी वेणुकांच्या हातून एकही टोपली पुरी झाली नाही.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा उग्रक म्हणजे तुमच्यातला कौंडिल. ती कुत्री म्हणजे आज इथे बसलेली उपासिका मृगला. नंदिला म्हणजे भिक्षुणी सोमदत्ता. आणि वेणुक मीच होतो. घाव घालण्याचा हक्क हाती आला असताना तो सोडून द्यावा, आणि आपले दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून झटावे, हीच क्षांती, हीच खरी क्षमा."