पाणपोईवाल्या चिमाची परीक्षा

सोनवळच्या विद्यालयात दर वर्षी साठ मुलं शिकायला यायची आणि त्यातली निम्मी वर्षाच्या आत वळकटी बांधून घरी जायची. राजा उदयकेतूला ह्याचं कोडं पडलं होतं. शिकवणारे चांगले, जेवणखाण चांगलं, मग मुलं पळतात का?

विचार करता करता त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. नव्या मुलानं कुठलं शास्त्र शिकायचं, ते तीन आचार्य ठरवून देत. मुद्गलशास्त्री, केशवपंत आणि विसोबा. त्यांचा सल्ला बरा की वाईट, हे आजवर कुणी तपासलंच नव्हतं. राजानं दवंडी पिटवली, की सल्ल्याची पारख करणारा प्रमुख नेमायचा आहे. इच्छा असेल त्यानं दरबारात यावं.

सात पंडित आले. त्यांच्या मागोमाग आली चिमा. विद्यालयाच्या फाटकाबाहेर ती बारा वर्षं पाणपोई चालवत होती. तिला बघून दरबार हसला. राजानं विचारलं, तुला हे काम कशाला हवं?

"महाराज, सल्ला घेऊन मुलं बाहेर येतात ती आधी माझ्याकडे पाणी पितात," चिमा म्हणाली. "कुणी हसत पितं, कुणी डोळे पुसत. माझा भाऊ असाच डोळे पुसत गेला. झाडपाल्याची एवढी जाण त्याला, पण दोन वर्षं व्याकरण घोकायला लावलं. आता तो पुस्तक दिसलं तरी वाट बदलतो."

तेवढ्यात प्रधान पुढे सरसावले. मुद्गलशास्त्री त्यांचे सख्खे मेहुणे. प्रधानांनी अट घातली, की उद्या नवी मुलं सल्ल्याला येणार आहेत. कोणाचा सल्ला कसा, ते परवा सकाळी सांगायचं. मात्र विद्यालयात पाऊल टाकायचं नाही आणि आचार्यांना किंवा मुलांना एकही प्रश्न विचारायचा नाही.

हे ब्रह्मदेवालाही जमणार नाही, असं म्हणत सातही पंडित मागे सरले. चिमा तेवढी उभी राहिली. हरलीस तर पाणपोई दुसऱ्याला देऊ, असं प्रधानांनी बजावलं. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी प्रधानांनी पाणपोईशेजारी एक शिपाई बसवला. चिमाच्या तोंडून प्रश्न निघाला की त्यानं धावत येऊन सांगायचं. पहिला मुलगा बाहेर आला. चिमानं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि सहज म्हणाली, "केशवपंतांनी तुला ज्योतिष घ्यायला सांगितलेलं दिसतंय."

"छे हो मावशी," मुलगा म्हणाला, "मी मुद्गलशास्त्र्यांकडे होतो. ज्योतिष कुठलं, व्याकरण घे म्हणाले." आणि मग तो आपणहून सगळं सांगत सुटला.

चिमा दिवसभर चुकीचं बोलत राहिली आणि मुलं दिवसभर तिची चूक दुरुस्त करत राहिली. संध्याकाळी शिपायानं प्रधानांना कळवलं, की बाई अडाणी आहे, काहीही बरळते, पण प्रश्न एकही विचारला नाही.

तिसऱ्या सकाळी चिमा दरबारात उभी राहिली. तिनं सांगितलं, की मुद्गलशास्त्र्यांकडे वीस मुलं गेली. एकोणीस जणांना ते स्वतः शिकवतात ते व्याकरण मिळालं. विसाव्याला न्यायशास्त्र मिळालं, कारण तोवर शास्त्रीबुवांच्या वर्गातली जागा संपली होती.

केशवपंतांकडेही वीस गेली. जो जे म्हणाला त्याला ते "उत्तम" म्हणाले. त्यातला एक वैद्य होणार आहे. त्याच मुलाच्या अंगठ्याला पाणपोईपाशी ठेच लागली, तर थेंबभर रक्त बघून तो आडवा झाला. तोंडावर पाणी मारून चिमानंच त्याला उठवलं.

"आणि विसोबांची मुलं?" राजानं विचारलं.

"ती सगळ्यात उशिरा बाहेर आली, महाराज. गुरुजी काय म्हणाले हे त्यांनी थोडंच सांगितलं. गुरुजींनी काय काय विचारलं, तेच सांगत बसली. एका सोनाराच्या पोराला तर ते म्हणाले, घाई करू नकोस, चार वर्गांत आठ-आठ दिवस बसून ये, मग बोलू."

राजानं मागच्या वर्षीची नोंदवही मागवली. अर्धवट गेलेल्या तीस मुलांपैकी विसोबांची फक्त दोन होती. बाकी अठ्ठावीस उरलेल्या दोघांची.

प्रधानांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, की पारख एका दिवसाची झाली. पण प्रमुखपद मोठं असतं, ते अक्षरशत्रू बाईला कसं द्यायचं?

राजाला आता गंमत सुचली. "चिमाबाई, आता सल्ला मला हवाय. हे पद मी कुणाला देऊ?"

दरबारानं कान टवकारले. मला द्या म्हणाली, तर ती मुद्गलशास्त्र्यांसारखीच स्वतःचंच घोडं दामटणार. महाराजांची मर्जी म्हणाली, तर केशवपंतांसारखी होयबा ठरणार. प्रधान मिशीत हसले.

चिमा हात जोडून म्हणाली, "आज मला प्रश्न विचारायची बंदी नाही ना, महाराज?"

"नाही. विचार."

"मग एवढंच सांगा. ह्या दरबारात असा कोण आहे, जो त्या तिघांपैकी कुणाचा मेहुणा नाही, व्याही नाही, शिष्य नाही आणि ज्याला त्यांच्याकडून काही नको आहे?"

राजानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. प्रधानांनी मान खाली घातली. दुसऱ्या रांगेत पंडित बसले होते. एक केशवपंतांचा जावई, दोघे मुद्गलशास्त्र्यांचे शिष्य, उरलेले कुणाचे ना कुणाचे व्याही. राजाची नजर रांगेमागून रांग ओलांडत शेवटी चिमावर येऊन थांबली आणि तो इतका मोठ्यानं हसला, की डोक्यावरचा मुकुट त्याला हातानं धरावा लागला.

"माझ्याच तोंडून वदवलंस की गं!"

त्यानं प्रमुखपदाची शाल स्वतःच्या हातानं चिमाच्या खांद्यावर घातली. वाचून दाखवायला दोन कारकून दिले. पाणपोईही तिच्याकडेच ठेवली आणि मुद्गलशास्त्र्यांना हुकूम धाडला, की उद्यापासून महिनाभर तिथं पाणी तुम्ही वाढायचं.

"आणि शास्त्रीबुवा," राजानं निरोपात लिहिलं, "मुलं बोलतील तेव्हा मध्ये बोलायचं नाही."