नावाड्याची झोप

एकदा एका नावाड्याची झोप हरवली.

त्याचे नाव सोनबा. डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीच्या काठी त्याचे गाव होते. नदीला पूल नव्हता, त्यामुळे पलीकडे जायचे ते सोनबाच्या नावेतूनच. तीस वर्षे त्याने वल्हे मारले होते. पाण्याचा रंग पाहून तो खोली सांगत असे. त्या श्रावणात वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला, अचानक लोंढा आला आणि नाव उलटली. नावेत दहा माणसे होती. सोनबाने एकेक करून नऊ जणांना काठाला आणले. दहावी ठकूबाई, लेकीकडे निघालेली म्हातारी. तिची हाक त्याने ऐकली होती. तो पोहोचला तेव्हा तिथे नुसते पाणी होते.

त्याला कोणी दोष दिला नाही. ठकूबाईच्या मुलाने, यशवंताने, त्याचे हात धरून म्हटले, "काका, तुम्ही होतात म्हणून नऊ घरं वाचली." तरीही अंधार पडला की सोनबा उंबऱ्यात नदीकडे तोंड करून बसे आणि उजाडेपर्यंत हलत नसे. कार्तिक लागला तोवर त्याचे हात कापू लागले होते. वल्हे धरवेना. नाव काठाला पालथी पडली, आणि पलीकडच्या वस्त्यांतल्या आजारी माणसांना अलीकडे वैद्यांकडे येणे अशक्य झाले.

वैद्य म्हणजे वृद्ध नरहरशास्त्री. ते परगावी गेलेले असताना सोनबाची बायको गजरा त्यांच्या शिष्याकडे आली. शिष्याचे नाव विश्वंभर. सहा वर्षे वनस्पतींचा अभ्यास केलेला, बुद्धिमान आणि मनाने सरळ. त्याने जटामांसी, ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांचा काढा दिला. गुण येईना तेव्हा मात्रा वाढवली. त्या रात्री सोनबाचे डोळे मिटले खरे, पण घटकाभरात तो दचकून उठला आणि तसाच नदीकडे धावला. गजराने त्याला छातीभर पाण्यातून मागे ओढून आणले. दुसऱ्या दिवसापासून काढ्याचे भांडे हाती आले की तो मुकाट्याने अंगणात ओतून टाकू लागला.

गुरू परतल्यावर विश्वंभराने सारे सांगितले. "गुरुजी, माझी कोणती वनस्पती चुकली?"

"एकही नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "संध्याकाळी आपण दोघं जाऊ."

दिवेलागणीला ते सोनबाच्या दारी पोहोचले. नदीवर धुके उतरत होते. पलीकडचा काठ हळूहळू पुसला जात होता. शास्त्रीबुवांनी औषधांची पेटी आणलीच नव्हती. त्यांनी गजराकडून परसातली गवती चहाची पात मागितली, वृंदावनातली चार तुळशीची पाने घेतली. पातीची गाठ बांधून ती तुळशीसह चुलीवरच्या पाण्यात सोडली, वर चिमूटभर बडीशेप टाकली आणि चुलीतला जाळ मागे ओढला. पाणी उकळले नाही, नुसते थरथरत राहिले. त्याचा रंग आधी फिका हिरवा झाला, मग कोवळ्या उन्हासारखा. गंध घरभर पसरला. शेवटी त्यांनी गुळाचा खडा विरघळवला, थोडे जायफळ उगाळून घातले आणि पेला सोनबाच्या हाती दिला.

"सोनबा, रात्री तुला काय ऐकू येतं?"

सोनबा पेल्यातल्या वाफेकडे पाहत राहिला. "काहीच नाही, शास्त्रीबुवा. पण हाक आली तर? आणि मी झोपलेला असलो तर?"

शास्त्रीबुवांनी मान डोलावली. मग ते उठले, खांद्यावर घोंगडी घेतली आणि काठी टेकत घरासमोरच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "आज नदीकडे माझा कान आहे. हाक आली तर तुला उठवीन. उठवलं नाही, तर आली नाही असं समज."

विश्वंभर चकित झाला. ऐंशी वर्षांचे गुरू, छातीत कफ, आणि हे धुके. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मागे उंबऱ्यात सोनबा घोट घोट काढा पीत होता आणि त्यांच्या पाठीकडे पाहत होता. पेला रिकामा झाला. थोड्या वेळाने त्याचे डोके दाराच्या चौकटीला टेकले. गजराने अलगद त्याच्या अंगावर वाकळ घातली.

विश्वंभर हळूच म्हणाला, "गुरुजी, गवती चहा तर कुणाच्याही परसात असतो. माझ्या काढ्याने जे झालं नाही, ते याने कसं झालं?"

"याने अंगाला ऊब दिली, एवढंच. तुझा काढा याहून गुणाचा होता. पण तो सोनबाला झोपवत होता आणि पहारा मात्र त्याच्याकडेच ठेवत होता. पहाऱ्यावरच्या माणसाला झोपेचं भय वाटतं, विश्वंभर. आधी त्याच्या जागी कुणीतरी बसावं लागतं."

"पण हाक येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"त्यालाही ठाऊक आहे. नुसतं ठाऊक असून कुणाचा डोळा लागला आहे का?"

पाणी पायरीला हलकेच स्पर्श करून जात होते. धुक्यात नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. विश्वंभर बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने गुरूंच्या हातातली काठी आपल्याकडे घेतली.

"गुरुजी, तुम्ही आत जाऊन पडा. इथून पुढे मी ऐकतो."

दुसऱ्या संध्याकाळी काढा विश्वंभराने केला आणि पायरीवरही तोच बसला. तिसऱ्या संध्याकाळी यशवंता आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "काका, आज मी बसतो."

सोनबा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. "तू? कुणासाठी बसतोस, बाळ?"

"तुमच्यासाठी. आईसाठी मी खूप रात्री जागलो. आता तुम्ही झोपा."

सोनबाने आपल्या हातातला पेला यशवंताला दिला आणि दुसरा स्वतःसाठी भरून घेतला. दोघांनी उंबऱ्यात बसून काढा संपवला. त्या रात्री सोनबा घरात, अंथरुणावर झोपला. सकाळी ऊन अंगावर आले तेव्हा त्याला जाग आली.

पुढे गावातले एकेक जण पाळीने येत राहिले. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी लोक आले तर सोनबा चुलीपाशी बसून स्वतःच काढा करत होता. त्याने सगळ्यांचे पेले भरले. पिऊन झाल्यावर म्हणाला, "आज कुणी बसू नका. थंडी फार पडली आहे. आपापल्या घरी जा आणि झोपा."

"आणि नदीकडे कोण पाहणार?" यशवंताने विचारले.

"रात्री ती आपली आपण वाहील. सकाळी मी नाव पाण्यात सोडणार आहे."

लोक पांगले. सोनबाने चुलीवर राख लोटली आणि दाराला कडी घातली.

ज्याला झोप येत नाही, त्याला काढा अवश्य द्यावा. मात्र पेला हाती देताना हळूच विचारावे, 'आज तुमच्याऐवजी मी जागू का?'