आधी पाणी कोणाला?

धनेली गावात वाळूशिवाय काही पिकत नव्हतं, तरी चार देशांचा माल तिथूनच ये-जा करायचा. कारण त्या अफाट वाळवंटात गोडं पाणी तेवढ्या एकाच विहिरीला होतं. विहिरीची कारभारीण होती खेमल. तिचा नियम एकच: ओझं वाहून आलेला आधी पिणार.

एकदा मिठाचा तांडा विहिरीपाशी टेकतोय न टेकतोय, तोच राजाचा सरदार रणधवल पालखीतून उतरला.

"ती जनावरं हटवा! आधी मी पिणार, मग अंघोळ करणार. उरलं तर उंटांना."

तांडेवाल्यांची तोंडं उतरली. उपसलेली विहीर लवकर भरत नसे. खेमल मात्र शांतपणे म्हणाली, "प्या ना सरदार." मग तांड्याकडे वळून म्हणाली, "मिठाच्या गोण्या उतरवा रे, आणि सरदारांच्या पाठीवर बांधा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सरदार कडाडला.

"आहे की! तहानलेले उंट काही राजधानी गाठत नाहीत, आणि राजेसाहेबांच्या मुदपाकखान्यात मीठ तर पोचलंच पाहिजे. उंटांचं पाणी तुम्ही घेणार, तर त्यांचं ओझंही तुम्हीच न्या."

राजाचं नाव निघताच सरदार नरमला. उंट हौदाला लागले. तो ओठांवरून जीभ फिरवत उभा राहिला. शेवटचा उंट बाजूला झाला तसा पुढे सरसावून म्हणाला, "आता तरी माझी पाळी ना?"

खेमलने भरलेला पोहरा घामाने निथळणाऱ्या भोयांपुढे धरला.

"थांबा सरदार. तुम्हाला इथवर वाहून कोणी आणलं?"