दिवाणसाहेबांची सुधारलेली नजर

देवसांगवी संस्थानचे दिवाण भवानराव यांच्या बंगल्यापुढील हिरवळीला बुरशी लागली होती आणि पिवळे डाग रोज वाढत होते. एके सकाळी ते हिरवळीवरून फेरी मारून आले आणि व्हरांड्यात न्याहारीला जमलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी रखमाजी माळ्याला उभे केले.

"हा रोग तुझ्या हलगर्जीपणाने पसरला. उद्या बागेतली खोली रिकामी कर."

त्या खोलीखेरीज रखमाजीच्या मुलाबाळांना आसरा नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "सरकार पहाटे दवात अनवाणी फिरतात. डोळ्यांना गुण आला का?"

"आला तर! वैद्यबुवांचा उपाय तो. चष्मा सुटला माझा," दिवाण पाहुण्यांकडे पाहत म्हणाले.

"मग सरकारांनीच पाहावं, डाग कुठून निघतात आणि कुठं जातात."

सर्वांनी वळून हिरवळीकडे पाहिले. डाग बंगल्याच्या पायरीपासून निघून दगडी बाकापर्यंत गेले होते, आणि दोन डागांमध्ये बरोबर एका पावलाचे अंतर होते.

"बुरशी ओल्या पायांना चिकटून पुढे जाते, सरकार. दव वाळल्याशिवाय मी गवतात पाय ठेवत नाही."

दिवाणांनी पाय उचलून तळवा पाहिला. त्याला सडलेली पाती चिकटली होती. खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परमेश्वर नजर देतो, ती आधी स्वतःकडे वळवण्यासाठी.