खारीच्या शेपटीचं माप

फार फार पूर्वी एका मळ्यात चिंगी नावाची खार राहायची. दिसेल ते आपल्या शेपटीने मोजायचं, हा तिचा उद्योग. मळ्यातला लाल भोपळा बरेच दिवस लिंबाएवढाच होता. मग एकदम रोज अर्धी शेपटी फुगू लागला. चिंगीने चार दिवस माप घेतलं आणि बांधावर चढून जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत हा टेकडीएवढा होणार! आत सगळ्यांना घरं!"

उंदरांनी लगेच आपली बिळं बुजवली. सशाने पूर्वेकडची खोली सांगून ठेवली.

दसऱ्याला भोपळा वाढायचा थांबला. उघड्यावर पडलेले उंदीर चिडले, तशी चिंगी भोपळ्यावरच ओरडली, "कामचुकार मेला! वाढ की!"

"वाढून झालं, बाई. आता आत बिया भरतोय," भोपळा शांतपणे म्हणाला. "तुझी शेपटी नाही का वाढायची थांबली?"

"थांबणारच!" चिंगी फणकारली. "तीच रोज वाढत राहिली, तर मी मोजू कशाने?"

उंदरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा बिळं उकरायला घेतली. चिंगी मात्र शेपटी झटकून शेजारच्या कोहळ्याकडे वळली. तो कालपासूनच फुगायला लागला होता.

सशाने त्यातलीही पूर्वेकडची खोली सांगून ठेवली.